समुद्रांतील पिकाची मोजदाद : व्हिक्टर हेन्सेन

रणांगण गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोंत, त्यांचें नांव कोणत्याही लढाईशीं जोडलेलें नाहीं. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव मोजण्यांत त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं, आणि समुद्रांतील असंख्य प्राण्यांचें पोट कशावर भरतें हें शोधण्याची वाट जगाला दाखविली.

व्हिक्टर हेन्सेन यांचा जन्म १० फेब्रुवारी १८३५ रोजीं श्लेस्विग या गांवीं झाला. तो प्रांत त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होता; पुढें तो प्रशियाकडे गेला. त्यांचे वडील मूकबधिरांच्या शाळेचे प्रमुख होते. वैद्यकाचा अभ्यास करीत असतांनाच यकृतांत सांठणारा ग्लायकोजेन हा पदार्थ हेन्सेन यांनीं वेगळा काढला. परंतु त्याच सुमारास फ्रान्समध्यें क्लोद बर्नार यांनाही तो शोध स्वतंत्रपणें लागला, आणि श्रेय बहुतांशीं बर्नार यांना मिळालें. १८६८ सालीं हेन्सेन कील विद्यापीठांत शरीरक्रियाशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. कानाच्या अंतर्भागांतील कांहीं पेशी आजही त्यांच्या नांवानें ओळखल्या जातात. गांडुळांचा जमिनीवर काय परिणाम होतो, याचाही त्यांनीं अभ्यास केला. डार्विन यांनीं आपल्या १८८१ च्या गांडुळांवरील ग्रंथांत त्याचा उल्लेख केला आहे.

कील हें शहर बाल्टिक समुद्राच्या कांठीं वसलें आहे. तेथील कोळ्यांची उपजीविका मासळीवर. पण समुद्रांत मासळी किती आहे हें कोणालाच ठाऊक नव्हतें. शेतकऱ्याला आपलें पीक उभें दिसतें, कोळ्याला तें दिसत नाहीं. मग किती धरावें आणि किती राखावें, याचा निर्णय कसा व्हावा? १८६७ सालीं प्रशियाच्या विधिमंडळांत निवडून आल्यावर हेन्सेन यांनीं समुद्राच्या शास्त्रीय अभ्यासाचा आग्रह धरला, आणि १८७० सालीं कील येथें त्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. कॉड आणि प्लेस या माशांचीं अंडीं पाण्यावर तरंगतात. तीं मोजलीं तर अंडीं घालणाऱ्या माशांचा अंदाज करतां येईल, असा त्यांचा विचार होता. अंड्यांवरून ते पिलांकडे आणि पिलांवरून त्यांच्या अन्नाकडे वळले.

पाण्याच्या ओघाबरोबर वाहत जाणाऱ्या या जीवसृष्टीला हेन्सेन यांनीं १८८७ सालीं ‘प्लँक्टन’ हें नांव दिलें. भटकणारें, असा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. मराठींत आपण प्लवक म्हणतों. त्यांतील सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतात, आणि पुष्कळ प्राणिप्लवक त्यांवर चरतात. प्राणिप्लवकांत विविधता किती! तांदळाच्या दाण्याहून लहान असे कोपेपॉड, कांचेसारखे पारदर्शक बाणकृमी, जेलीमासे, आणि मोठेपणीं तळाशीं राहणाऱ्या खेंकड्यांचीं व शिंपल्यांचीं तरंगतीं पिलेंसुद्धां. कोपेपॉडांना हेरिंग मासा खातो, हेरिंगला कॉड खातो, आणि कॉड माणसाच्या ताटांत येतो. आपल्या कोंकणांतला बांगडा अशाच जीवांवर पोसतो. मधली ही बारीक कडी तुटली, तर सूर्यप्रकाशानें पिकविलेलें अन्न मोठ्या माशांपर्यंत पोहोंचणार कसें?

हे जीव पकडण्यासाठीं हेन्सेन यांनीं पिठाच्या गिरणींत चाळणीसाठीं वापरावयाच्या तलम रेशमी कापडाचें जाळें केलें. तें ठराविक खोलीपर्यंत सोडून सरळ वर ओढावयाचें, म्हणजे किती पाणी गाळलें गेलें याचा हिशेब राहतो. मग त्या गाळांतील जीव सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचे. १५ जुलै १८८९ रोजीं ‘नॅशनल’ या जहाजांतून ते सहकाऱ्यांसह कीलहून निघाले आणि अटलांटिक महासागर फिरून नोव्हेंबरांत परतले. उष्ण, निळ्या समुद्रांत जीव विपुल असतील ही समजूत होती. मोजणीनें उलटेंच दाखविलें. उत्तरेकडील थंड पाण्यांतच प्लवकांची समृद्धि अधिक होती.

पुढच्याच वर्षीं येना येथील विख्यात प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनीं या कार्यावर कठोर टीका केली. समुद्रप्रवाहांमुळें प्लवक कोठें दाट, कोठें विरळ असतात. म्हणून अशी मोजणी व्यर्थ आहे, असें त्यांचें म्हणणें. सारखी परिस्थिति असलेल्या विस्तीर्ण भागांत ते बहुतेक सारखे पसरलेले असतात, हें हेन्सेन यांचें गृहीत. वर्षानुवर्षांचें काम पणाला लागलें होतें. हेन्सेन यांनीं १८९१ सालीं उत्तर दिलें आणि मोजणी चालूच ठेविली.

निकाल काय लागला? प्लवक पुष्कळदां पुंजक्यांनीं राहतात, हें हेकेल यांचें म्हणणें खरें ठरलें. पण ते पुंजके किती दाट आणि किती मोठे, हें सांगावयास मोजणीच लागली. हेन्सेन यांच्या जाळ्यांतूनही कांहीं निसटलें होतें. अपेंडिक्युलेरिया नांवाचा एक चिमुकला प्राणिप्लवक स्वतःभोंवतीं पारदर्शक घर निर्माण करतो, आणि त्यांतील चाळणी रेशमाहूनही बारीक असते. कील येथीलच हान्स लोमान यांना त्या चाळणींत असे अतिसूक्ष्म जीव सांपडले, कीं जे रेशमी जाळ्यांतून सहज निघून जात होते. माणसाच्या चाळणीला जें गवसलें नाहीं, त्यावर तो लहानसा प्राणी आपलें पोट भरीत होता!

५ एप्रिल १९२४ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, हेन्सेन कील येथें निवर्तले. त्यांनीं सुरू केलेली मोजणी मात्र थांबली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं हिंदी महासागर धुंडाळला, तेव्हां गोळा केलेल्या प्राणिप्लवकांची वर्गवारी कोची येथें झाली. आणि १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यांत दोना पावल येथें हा अभ्यास पुढें चालवीत आहे.

हेन्सेन यांचें एक गृहीत चुकलें, पण त्यांची पद्धत टिकली. कारण ती चूक दाखवून देण्याचें सामर्थ्य त्या पद्धतींतच होतें. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं पुढच्या खेपेस समुद्रकिनारीं गेल्यावर ओंजळभर पाणी अवश्य घ्यावें. तें रिकामें दिसेल. पण तें तसें नाहीं, हें आतां त्यांना ठाऊक आहे.