दख्खनच्या पशुपक्ष्यांची व मासळीची नोंद करणारे कर्नल सायक्स

ह्या खेपेस आम्ही जे चरित्र आपणापुढे ठेवीत आहो ते कोणा उपदेशकाचे किंवा मिशनऱ्याचे नव्हे. ते एका शिपाईगड्याचे आहे. तथापि आमच्या मुलखातील रानात, नदीत व आकाशात देवाने जे निर्माण केले त्याची पहिली शास्त्रीय यादी करण्यात ह्या पुरुषाने मोठे श्रम केले. पिंपरी, चिंचवड, मोशी, आळंदी, चाकण ह्या गावांच्या आसपास आज कारखान्यांची दाटी झाली आहे. तेथील नद्यांत शेदोनशे वर्षांपूर्वी काय होते हे जाणावयाचे असेल, तर ह्यांच्या लेखांकडे वळावे लागते. म्हणून त्यांची हकीकत खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींस कळावी अशी आमची इच्छा आहे.

विल्यम हेन्री सायक्स ह्यांचा जन्म इ. स. १७९० च्या जानेवारी महिन्यात इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. इ. स. १८०३ मध्ये, मिसरूड फुटण्यापूर्वीच, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरले व पुढच्या वर्षी मुंबईच्या फौजेत अधिकारी झाले. इ. स. १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यास वेढा पडला तेव्हा ते तेथे हजर होते. ज्या वयात आमची मुले शाळेत असतात त्या वयात त्यांनी तोफांचा मारा पाहिला. पुढे त्यांनी हिंदुस्तानी व मराठी ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि हाच अभ्यास त्यांस तलवारीपेक्षा अधिक उपयोगी पडला असे आम्हांस वाटते.

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी येथे पेशव्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची लढाई झाली. सायक्स त्या लढाईत होते. खडकीचे ते माळरान मुळा नदीच्या काठी, आजच्या पिंपरी-चिंचवड शहराच्या वेशीवरच आहे. अशा रीतीने ह्या मुलखाशी त्यांची पहिली ओळख जिंकणाऱ्या सैन्यातील एक सरदार म्हणून झाली, हे लपविण्याचे कारण नाही. इ. स. १८२० मध्ये ते रजेवर युरोपात गेले, तेथे चार वर्षे हिंडले, आणि इ. स. १८२४ मध्ये विवाह करून परत आले.

त्या वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेब मुंबईचे गव्हर्नर होते. पेशवाई बुडून थोडीच वर्षे झाली होती, व नव्या सरकारास दख्खनची नीट माहिती नव्हती. जमीन कोणत्या प्रतीची, पाऊस किती, विहिरी किती, माणसे किती, पिके कोणती, हे सर्व पाहून लिहावे म्हणून एल्फिन्स्टन साहेबांनी इ. स. १८२४ मध्ये सायक्स ह्यांस दख्खनच्या माहितीचे अधिकारी नेमिले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड असे चार जिल्हे त्यांच्याकडे आले. ह्या कामाचा मूळ हेतू सारा ठरविण्यास मदत व्हावी हाच होता. परंतु सायक्स साहेबांची दृष्टी साऱ्याच्या आकड्यांवर थांबली नाही. जे जे दिसे ते ते त्यांनी टिपून ठेवण्यास आरंभ केला.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. हवेचा दाब मोजण्याचे वायुभारमापक यंत्र ते बाळगीत व दिवसाच्या ठरावीक वेळी त्यातील पाऱ्याची उंची लिहून ठेवीत. असे वर्षानुवर्षे केल्यावर त्यांस दिसून आले की दख्खनात पारा दररोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी नऊदहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारपाचच्या सुमारास खाली येतो, रात्री पुन्हा चढतो, व पहाटे पुन्हा उतरतो. समुद्रास जशी भरतीओहोटी, तशी हवेसही आहे. हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने इ. स. १८३५ मध्ये छापिला. डोंगराची उंची काढावयाची तर ते पाणी उकळून त्यात उष्णतामापक बुडवीत. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी उष्णतेवरच उकळते. समुद्रकाठी ते शंभर अंशांवर उकळते, तर पुण्यास सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवरच. एवढ्याशा फरकावरून डोंगर मोजता येतो.

आता जनावरांकडे वळू. दख्खनातील सस्तन प्राण्यांची त्यांची यादी इ. स. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळीपुढे आली. आमच्या धनगर बंधूंस ज्याचा रोजचा घोर असतो त्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम त्यांनीच केले. त्याचे पाय फिकट रंगाचे असतात, म्हणून त्यांनी त्यास त्याच अर्थाचे लॅटिन नाव दिले. शास्त्रात अशी रीत आहे की, ज्याने एखादा प्राणी प्रथम नीट वर्णिला त्याचे नाव व ते वर्ष त्या प्राण्याच्या नावापुढे जोडले जाते. म्हणून हिंदुस्थानातील लांडग्याच्या नावापुढे आजही सायक्स, १८३१ असे लिहितात. इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात असे दिसून आले की हा लांडगा जगातील हयात लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशांपैकी आहे. मराठे ज्यास कोळसून म्हणत त्या रानकुत्र्याचे, व खोकडाचेही वर्णन सायक्स साहेबांनी त्याच यादीत केले.

पुढच्या वर्षी, इ. स. १८३२ मध्ये, पक्ष्यांची यादी निघाली. तीतील सुमारे पन्नास पक्षी शास्त्रास नवे होते. ओढ्याच्या काठी मान आखडून बसणारी व उडताच पांढरी शुभ्र दिसणारी ढोकरी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे वर्णन त्यांनीच प्रथम केले. परसातील झुडपात शेपूट हलवीत किलबिलणारा राखी वटवट्या व माळरानावरचा मोठा सातभाई हेही त्यांच्याच यादीतले. हे पक्षी दुर्मीळ नव्हेत. ते प्रत्येक गावच्या कुंपणावर होते व पुष्कळ ठिकाणी आजही आहेत. नवल हे की, सर्वांच्या डोळ्यांपुढे असलेली वस्तू नीट पाहून लिहून ठेवणारा मनुष्य येईपर्यंत तिची नोंद कोठेच नव्हती.

परंतु आम्हांस त्यांचे सर्वांत मोलाचे काम मासळीविषयीचे वाटते. दख्खनच्या नद्यांतील चाळीसहून अधिक जातींच्या माशांचे वर्णन त्यांनी केले. भीमा, मुळा-मुठा, घोड व इंद्रायणी ह्या नद्यांतून ते मिळविलेले होते. त्यांतील बहुतेक माशांस त्यांनी राजांची किंवा सरदारांची नावे दिली नाहीत. नदीकाठचे लोक ज्या माशास जे म्हणत तेच नाव त्यांनी लॅटिन शब्दास जोडून शास्त्रात घातले. खुद्री, कोळस, नुक्ता, बोगट, मुल्या, शिंगटी, टाकरी ही सर्व आमच्या नदीकाठची नावे. आज लंडन, पॅरिस किंवा अमेरिका येथील विद्वानास दख्खनच्या महसीर माशाविषयी लिहावयाचे झाले तर त्यास खुद्री हा शब्द लिहावाच लागतो. ज्या भोयाने जाळे ओढता ओढता तो शब्द सांगितला असेल त्याने शाळेचे तोंडही पाहिले नसेल. तरी त्याचा शब्द विद्वानांच्या ग्रंथांत कायमचा राहिला. गरिबाचे बोलणे टाकाऊ नसते ह्याचा ह्याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

ह्यांपैकी नुक्त्याची गोष्ट विशेष सांगितली पाहिजे, कारण तो मासा सायक्स साहेबांस इंद्रायणीत, पुण्याच्या उत्तरेकडील प्रदेशात मिळाला. त्याच्या नाकाडावर खोल खाच असून वर मांसल उंचवटा असतो, त्यामुळे त्याचे तोंड इतर माशांहून अगदी निराळे दिसते. तो वाहत्या पाण्यात, खडकांवर वाढणारे शेवाळ खरवडून खातो. खडक स्वच्छ व पाणी वाहते असेल तरच त्याचा निभाव लागतो.

इ. स. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने खर्च कमी करण्यासाठी सायक्स साहेबांची जागाच मोडून टाकली. काम अर्धवट राहिले होते. ते पलटणीत परत गेले. परंतु एकदोन महिन्यांतच त्यांनी ती नोकरी सोडली, आणि उरलेले काम कोणताही मोबदला न घेता इ. स. १८३१ च्या जानेवारीपर्यंत पुरे केले. त्या सुमारास सर जॉन मालकम हे गव्हर्नर होते. ज्या अमदानीत जागा मोडली गेली तिच्या मुख्याचेच नाव सायक्स साहेबांनी पुढे माळावरच्या त्या मोठ्या सातभाईस दिले, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. वेतन थांबले तरी हातचे काम न थांबविणारे चाकर प्रभूच्या मळ्यातही थोडेच आढळतात.

त्यांच्या कामात उणीव नव्हती असे नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे पशुपक्षी पारखावयाचे म्हणजे बंदुकीने मारूनच, आणि तसे त्यांनी केले. आज दुर्बीण व छायाचित्र ह्यांनी ते काम होते ही समाधानाची गोष्ट आहे.

स्वदेशी गेल्यावर त्यांनी आपली टिपणे एकामागून एक प्रसिद्ध केली. दख्खनचे खडक, जमिनीची वहिवाट, चार जिल्ह्यांची लोकसंख्या व पिके ह्यांवर त्यांचे निबंध निघाले. इ. स. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, इ. स. १८४० मध्ये कंपनीचे डायरेक्टर, व इ. स. १८५६ मध्ये त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. इ. स. १८५७ पासून मरेपर्यंत ते अबरदीन शहराच्या वतीने पार्लमेंटात बसत. इ. स. १८७२ च्या जून महिन्याच्या १६ तारखेस, वयाच्या ८२ व्या वर्षी, लंडन येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या पदव्या आज कोणाच्या स्मरणात नाहीत. ढोकरी, लांडगा व नुक्ता ह्यांनीच त्यांचे नाव जिवंत ठेविले आहे.

आता आपल्या नद्यांकडे पाहू. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते, देहू व आळंदी ह्यांवरून वाहते, आणि तुळापूर येथे भीमेस मिळते. तिच्या दक्षिणेस पिंपरी-चिंचवड, उत्तरेस चाकण. पवना तर चिंचवडच्या मध्यातूनच जाते. इ. स. १९५४ मध्ये पिंपरी येथे औषधांचा मोठा सरकारी कारखाना निघाला. नंतर शेकडो कारखाने आले, व पुढे चाकणचा माळही त्यांनी व्यापला. आमच्या अनेक मंडळ्यांतील तरुणांस त्यांत भाकरी मिळाली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करितो. पण शहराचे मैलापाणी व कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध न होता नदीत गेले, म्हणजे पाण्यातील प्राणवायू सरतो व मासा गुदमरून मरतो. अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे नदीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले आहेत. नुक्ता मासा जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आहे. ज्या नदीने तो शास्त्रास दिला तिच्या काठच्या मुलांस त्याचे नावही ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. देहू व आळंदी येथील डोहांतील मासे आपले वारकरी शेजारी पवित्र मानीत व धरीत नसत. त्यामुळे तेथे महसीरास आसरा मिळत गेला. आपण त्यांच्यासारखी नदीची पूजा करीत नाही. पण नदी ज्याने उत्पन्न केली त्याची उपासना करितो असे म्हणणाऱ्यांनी शेजाऱ्यांहून तिची काळजी कमी करावी, हे आपणांस शोभत नाही. आदामाने प्राण्यांस नावे दिली, शलमोन राजा पशू, पक्षी व मासे ह्यांविषयी बोलत असे, आणि नोहाने एकेका जातीचा जीव वाचविला, हे आपण रविवारच्या शाळेत मुलांस शिकवितो. ते शिकविणे नदीच्या काठापर्यंत पोहोचले पाहिजे.

म्हणून उपदेशक व शिक्षक बंधूंस आमची एक सूचना आहे. प्रत्येक मंडळीत एक साधी वही ठेवावी. गावच्या ओढ्यात, तळ्यात वा नदीत कोणते मासे मिळतात, त्यांस वृद्ध लोक काय म्हणतात, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात येतात, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात कोठवर उतरते, हे तारीख घालून लिहावे. म्हाताऱ्या भोयाकडे मुलांस न्यावे व त्याच्या तोंडची नावे त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. पाण्यास रंग किंवा घाण आली तर ती तारीखही लिहावी, व चार जबाबदार गावकऱ्यांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीस व प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. नुसत्या कुरकुरीपेक्षा तारीखवार लिहिलेल्या नोंदीस अधिक वजन असते.

सायक्स साहेबांजवळ यंत्रे होती, हुद्दा होता, नोकरचाकर होते. आपल्याजवळ ह्यांपैकी काही नसेल. पण जे शब्द त्यांस विचारून घ्यावे लागले ते आपल्या घरातच आहेत. ते सांगणारी पिढी आहे तोवर हे काम हाती घ्यावे. देवाने सोपविलेल्या कारभाराचा हिशेब एके दिवशी आपणांस द्यावयाचा आहे, आणि त्या कारभारात आपली नदीही आहे.