वेणू चितळे : दुसरं महायुद्ध लंडनहून मराठीत सांगणारा आवाज

जॉर्ज ऑरवेलचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांचा हा लेखक दुसऱ्या महायुद्धात बीबीसीत नोकरी करत होता आणि भारतासाठी कार्यक्रम तयार करत होता, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. त्याच्या विभागात एक मराठी बाई होत्या. त्यांचं नाव वेणू चितळे.

आज जगात कुठे काय चाललंय हे मराठीत समजून घ्यायचं तर फोन उघडला की झालं. १९४२ साली ही सोय नव्हती. रशियात काय घडतंय, जपान कुठवर आलाय, हे मराठीत सांगणाऱ्या मोजक्या आवाजांपैकी एक आवाज वेणूताईंचा होता. पण तो येत होता राज्यकर्त्यांच्या राजधानीतून, आणि वेणूताई स्वतः भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूच्या होत्या. हे दोन्ही एकत्र कसं जमलं?

कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि मग लंडन

वेणूताईंचा जन्म डिसेंबर १९१२ मधला, कोल्हापूर भागातला. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे मुंबईत झालं. विल्सन कॉलेजातही त्या शिकल्या. मुंबईत त्यांना क्विन नावाच्या शिक्षिका भेटल्या. या बाईंशी त्यांचा जिव्हाळा जडला आणि त्यांच्याच सोबतीने १९३४ च्या सुमारास वेणूताई इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचं शिक्षण घेतलं.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. पुढच्या वर्षी लंडनवर जर्मन बॉम्ब पडू लागले. १५ ऑक्टोबर १९४० ला बीबीसीच्या मुख्य इमारतीवरच बॉम्ब पडला आणि सात कर्मचारी मेले. स्टुडिओत बातम्या वाचणारा निवेदक क्षणभर थांबला आणि पुढे वाचत राहिला. वेणूताई बीबीसीत आल्या त्या याच वर्षी.

भारतासाठी रेडिओ कशाला?

लंडनहून भारतात आवाज पोहोचायचा तो लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, त्यामुळे हजारो किलोमीटर लांब ऐकू येतात. खरखर असायची, आवाज मध्येच जायचा, पण ऐकू यायचं.

सोय बीबीसीला होती तशीच शत्रूलाही होती. जर्मनीहून भारतीय भाषांत प्रसारण होत होतं. १९४२ च्या सुरुवातीला सुभाषचंद्र बोस यांचा आवाज बर्लिनहून भारतात ऐकू आला. त्याच फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि मार्चमध्ये रंगून गेलं. युद्ध भारताच्या दाराशी आलं होतं. भारतातल्या लोकांनी कुणाचं ऐकायचं, यावरच आता लढाई सुरू झाली. १९४२ मध्येच बीबीसीचं मराठी प्रसारण सुरू झालं.

ऑरवेल ऑगस्ट १९४१ मध्ये बीबीसीच्या पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात आला. तो जन्मला बिहारमधल्या मोतिहारीला आणि तरुणपणी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. साम्राज्याचा कारभार आतून पाहिल्यामुळे त्याला त्याचा तिटकारा आला होता. वेणूताई त्याच्या विभागात सहायक झाल्या.

काम नेमकं काय होतं?

भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक इंग्रजी भाषणमाला होती. तिच्यात भारतीय माणसं ब्रिटनमधलं जगणं, तिथली संसद, वर्तमानपत्रं, शिक्षण आपल्या नजरेतून समजावून सांगत. वेणूताई या मालेत बोलत आणि तिच्या तयारीतही असत. बीबीसीवर त्यांनी इंग्रजी बातम्याही वाचल्या. युद्धामुळे ब्रिटनमध्ये मांस, लोणी, साखर मापून मिळत होती. तेव्हा तिथल्या गृहिणींना त्यांनी रेडिओवरून भारतीय शाकाहारी पदार्थही सांगितले.

सगळ्यात नाजूक काम होतं साप्ताहिक वार्तापत्राचं. आठवड्याभरात युद्धात काय घडलं, कुठली आघाडी पुढे सरकली, त्याचा अर्थ काय, याचा आढावा ऑरवेल इंग्रजीत लिहायचा. मग त्याचं मराठी, गुजराती, बंगाली, तमीळ व्हायचं. मराठीच्या या कामात वेणूताईंचा सहभाग होता.

हा मजकूर हवेत जाण्याआधी दोनदा तपासला जायचा. एकदा शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती त्यात नाही ना, यासाठी आणि एकदा तो सरकारी धोरणाला धरून आहे ना, यासाठी. एवढं करूनही निवेदक बोलत असताना एक माणूस बटणाजवळ बसलेला असे. मंजूर कागदाबाहेरचा शब्द आला की आवाज बंद करण्याची मुभा त्याला होती.

त्याच वेळी नगरच्या किल्ल्यात

आता ऑगस्ट १९४२ मध्ये येऊया. 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि कार्यकारिणीतल्या इतरांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणलं गेलं. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने सुरुवातीला जाहीरही केलं नव्हतं. मिरजगाव, कर्जत, श्रीगोंदा ही गावं त्याच जिल्ह्यातली, पण आपल्याच जिल्ह्यात कोण कोंडलेलं आहे हे कळायची सोय तिथे नव्हती.

त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडेपर्यंत जागा बदलत बदलत तो चालवला. उषाताईसुद्धा विल्सन कॉलेजच्याच. एकाच कॉलेजातल्या दोघी, एक मुंबईत सरकारविरुद्ध बोलत होती आणि दुसरी लंडनमध्ये सरकारच्या देखरेखीखाली.

मग वेणूताई दुसऱ्या बाजूला होत्या का? इतकं सोपं नाही. लंडनमध्ये कृष्ण मेनन यांची इंडिया लीग भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटत होती. वेणूताई तिच्या कामात होत्या. लेखक मुल्कराज आनंद त्यांच्या ओळखीचे होते आणि तेही बीबीसीवर बोलत. हिटलर जिंकला तर भारतालाही स्वातंत्र्य मिळणार नाही आणि ब्रिटनने मात्र भारत सोडलाच पाहिजे, असं एकाच वेळी मानणारी बरीच मंडळी तेव्हा लंडनमध्ये होती.

१९४२ चाच बीबीसीतला एक फोटो प्रसिद्ध आहे. कवितांच्या एका कार्यक्रमासाठी जमलेली मंडळी त्यात दिसतात. टी. एस. एलियट, जमैकाच्या उना मार्सन, मुल्कराज आनंद, मागे उभा ऑरवेल. बसलेल्यांमध्ये एका कडेला वेणूताई आहेत.

उपयोग किती झाला?

भारतात रेडिओ संच तेव्हा फार थोडे होते आणि तेही बहुतेक शहरांत. ऐकणारे किती, याबद्दल ऑरवेललाच शंका वाटू लागली. आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय असं वाटून त्याने सप्टेंबर १९४३ मध्ये राजीनामा दिला. सेन्सॉरचा तो अनुभव पुढे '१९८४' मध्ये उतरला असं अभ्यासक मानतात.

वेणूताई मात्र बीबीसीत राहिल्या. १९४७ च्या सुमारास त्या भारतात परतल्या आणि दिल्लीत विजयालक्ष्मी पंडित यांच्याबरोबर फाळणीच्या निर्वासितांसाठी राबल्या. १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी आली. पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती गोष्ट आहे. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या वेणू खरे झाल्या. दुसरी कादंबरी 'इन्कॉग्निटो' यायला १९९३ उजाडलं. जानेवारी १९९५ मध्ये त्यांचं निधन झालं.

बीबीसीचं मराठी प्रसारण मध्ये अनेक दशकं बंद होतं. २०१७ मध्ये ते नव्या रूपात परत आलं. जगाच्या बातम्या आज मराठीत भरपूर मिळतात. तरी वेणूताईंच्या काळातले दोन प्रश्न अजून कामाचे आहेत. ही बातमी कोण सांगतंय, आणि त्याच्या बटणाजवळ कोण बसलंय?