मांट साहेबाचं गणित

सुट्टीत गावाकडं गेलं की प्रश्न ठरलेला. घर बांधायचंय, तू इंजिनिअर होणार न्हवं, मग काढ की एक प्लॅन! जणू प्लॅन निघाला की घर उभंच राहिलं. मित्रांनो, असं वाटणाऱ्यांना मेजर चार्ल्स मांट यांची गोष्ट जरूर सांगावी. आपला न्यू पॅलेस त्यांच्याच डिझाईनचा.

मांट हे ब्रिटिश लष्करातले इंजिनिअर. भाऊसिंगजी रोडवरचा टाऊन हॉलही त्यांचाच. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज 1870 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले, तिथल्या त्यांच्या स्मारकाची छत्रीसुद्धा मांट यांनीच आखली. इंग्लंडमधली इमारत उचलून इथं ठेवायची, असला प्रकार त्यांनी केला नाही. न्यू पॅलेस बघा : काळा दगड, इथल्या राजवाड्याची घडण, गुजरात-राजस्थानकडची नक्षी आणि मध्ये अष्टकोनी घड्याळाचा मनोरा.

दुसरा गैरसमज म्हणजे मालक सांगेल तसं घर होतं. 1877 मध्ये काम निघालं तेव्हा गादीवरचे चौथे शिवाजी महाराज होते 14 वर्षांचे! कारभार दुसऱ्यांच्या हाती. पुढं डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगरला त्यांचं निधन झालं. 1884 मध्ये वाडा पुरा झाला आणि त्याच वर्षी दत्तक आले शाहू महाराज. म्हणजे ज्यांच्यासाठी बांधला, त्यांना तो पुरा झालेला दिसलाच नाही.

मांट यांनाही दिसला नाही. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचं कामही त्यांच्याकडंच होतं. आपली आकडेमोड चुकली, सगळे महाल कोसळणार, या धास्तीनं त्यांच्या मनाचा तोल गेला अशी गोष्ट सांगतात. त्यात तिखटमीठ किती, हा भाग वेगळा. 1881 मध्ये, चाळिशीच्या आसपास, ते वारले. लक्ष्मी विलास रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये पूर्ण केला. दोन्ही महाल आजही ठणठणीत आहेत. 1967 च्या कोयना भूकंपानं कोल्हापूर हादरलं, न्यू पॅलेस जागेवरच राहिला.

म्हणजे गणित बरोबर होतं आणि माणूस मात्र गेला. आकडेमोडीची भीती वाटणं वाईट नाही. आपल्याकडं तर उलट आहे. गवंडी आहे की, इंजिनिअर कशाला, म्हणून शेजाऱ्याच्या स्लॅबएवढंच लोखंड घालून मोकळे होतात. खालची जमीन मुरमाची की काळी, हे कोण बघतो?

तेव्हा यंदा घरी प्लॅन मागितला, तर आधी पाया खणायच्या जागेची माती बघा. डिझाईन एखाद्या अनुभवी सरांकडून तपासून घ्या. आणि ड्रॉइंग असं काढा, की उद्या आपण तिथं नसलो तरी दुसऱ्याला ते काम पुरं करता येईल. मांट साहेबांची कामं तशीच तर पुरी झाली.