विंचवाच्या नांगीचे बोल

शरणबंधूंनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण वाचले असेल. आता ते चित्रांतून पाहावे. भोपाळनिवासी परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ या २०११ च्या ग्रंथात ते रेखाटले आहे. चित्रांचे पुस्तक म्हणून विद्वानांनी नाक मुरडू नये.

पहिला भाग पाण्याचा. १९०१ साली बालक भीमराव थोरला भाऊ व भाच्यासह वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच हाकावी या अटीवर, बैलगाडी मिळाली. शिदोरी भरपूर, पण पाणी कोणी देईना. लेकरे रात्री उपाशीच निजली.

या ग्रंथात चौकटी नाहीत. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात, तर जिव्हारी लागणारे विंचवाच्या नांगीसह काढले आहेत. निरक्षरालाही ती नांगी कळते, पहा!

त्याच भीमरावांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंसह प्राशन केले. लगेच तळे ‘शुद्ध’ करणारे पुढे सरसावले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ साल उजाडले.