सायकलीच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगाव

चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजाराला जाणाऱ्या गोमंतकीयांना तेथील किर्लोस्कर रोड अपरिचित नाही. कापडाच्या आणि भांड्यांच्या खरेदीच्या गडबडीत रस्त्याच्या नावाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच रस्त्यावर दोन भावांनी सायकलींचे दुकान मांडले. थोरले रामूअण्णा गल्ल्यावर बसत आणि धाकटे लक्ष्मणराव मुंबईहून माल धाडत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ सालची मानतो, ती याच दुकानापासून.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव परिसरातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे आणि यंत्रे हीच त्यांची आवड. वडिलांचा विरोध असतानाही रामूअण्णांच्या आर्थिक आधारावर ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून क्रूर निदान कोणते असू शकेल? त्यांनी रंग बाजूला ठेवले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. पुढील आयुष्यात नांगराचा नमुना असो वा इमारतीचा आराखडा, तो त्यांच्या हातून कागदावर प्रथम उतरे, त्याची तयारी या वर्षांत झाली.

सायकल त्या काळी चैनीची वस्तू होती. एकेकीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे. एवढी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक बेळगावात होते, परंतु गाडीवर बसावे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा विक्रेत्यालाच शिक्षक व्हावे लागले. पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवण्याचे कामही दुकानाने पत्करले. मोडलेली गाडी दुरुस्त करणे हे अर्थातच त्यापुढचे काम.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. महिन्याचा निश्चित पगार गेला आणि दोन कुटुंबांचा भार एका दुकानावर आला. आज नोकरी सोडून धंद्यात उतरणाऱ्याला निदान बँकेचे दार ठोठावता येते. या दोघा भावांपाशी परस्परांवरील विश्वासाखेरीज फारसे भांडवल नव्हते.

दुकानाला जोडून छोटा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. विलायती नांगर बाजारात होते, परंतु ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. निपाणीपासून कृष्णाकाठापर्यंतच्या काळ्या, चिवट जमिनीत हरळी आणि कुंदा खोल रुजलेला असे. लाकडी नांगर ओढताना बैलांच्या जोड्या दमून जात, तरी ती मुळे उखडत नसत. लोखंडी नांगर हे काम करू शकत होता. असे असूनही तयार माल तसाच पडून राहिला, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. यंत्र घडवणाऱ्यालाच आता शेतकऱ्याची समजूत काढायची होती. फाळ लवकर झिजतो ही तक्रार ऐकायची होती, ती ऐकून भट्टीपाशी परतायचे होते आणि फाळ अधिक कठीण करायचा होता. आरेखक, ओतारी, विक्रेता आणि तक्रार निवारणारा हे सारे एकच गृहस्थ होते. त्या वर्षांतील लक्ष्मणरावांची ओढाताण आजच्या कोणाही लहान उद्योजकाला ओळखीची वाटेल.

जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेची नोटीस आली. शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवणे भाग होते. यंत्रे उचलून न्यायची कोठे, हा प्रश्न होता आणि नवी जागा घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता. बेळगावने त्या दिवशी काय गमावले, याचा हिशेब त्या शहराने कधी मांडला असेल असे वाटत नाही.

मदतीला धावून आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९ साली गादीवर आले होते आणि स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळ देऊ केला, शिवाय कर्जही दिले. जमीन ओसाड होती. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

आता लक्ष्मणरावांच्या वाट्याला आणखी एक भूमिका आली, गाव वसवण्याची. परंतु इथवर पोहोचता पोहोचता ते एक गोष्ट शिकले होते: सारे काही स्वतः करायचे नाही. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी उचलली. हिशेब आणि कारभार मंगेशराव रेगे यांच्याकडे गेला, तर शंभोअण्णा जांभेकर यांनी यंत्रांचे काम पाहिले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कारखान्यात कल्पक कारागीर म्हणून नावारूपाला आले. माणसे निवडताना लक्ष्मणरावांनी पदवीकडे पाहिले नाही, आणि पूर्वचारित्र्याकडेही नाही. शिक्षा भोगून आलेल्या पिऱ्या मांग आणि तुक्या रामोशी यांना त्यांनी वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे करून दाखवणे भट्टी पेटवण्याहून सोपे नव्हते.

पहिल्या महायुद्धात कोळसा आणि कच्चे लोखंड यांची टंचाई झाली, तरी कारखाना तगला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी कारखान्याच्या घरगुती पत्रिकेच्या रूपाने शंकरराव किर्लोस्करांचे 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले. पंप आणि इंजिने यांचा मोठा विस्तार या पुढच्या पिढीच्या हातून झाला.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. कुंडल रोड स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. आणि ज्या शहराने त्यांना जागा रिकामी करायला लावली, त्या बेळगावातील तो रस्ताही अद्याप त्यांचेच नाव सांगतो.