मीपणाच्या त्रिपुराचे दहन : गुरू नानकदेवांचे चरित्र

आज कार्तिकी पौर्णिमा. सायंकाळी देवळादेवळांतून त्रिपूर पाजळले जातील, दीपमाळा उजळतील, नदीच्या पात्रात द्रोणांतले दिवे तरंगू लागतील. सोन्याच्या, रुप्याच्या आणि लोखंडाच्या तीन नगरांत राहून मातलेल्या असुरांचा भगवान शंकरांनी एका बाणाने अंत केला, त्या विजयाचे हे स्मरण होय. याच पौर्णिमेला पंजाबात, आणि जेथे जेथे शीख बांधव आहेत तेथे तेथे, गुरू नानकदेवांचा जन्मोत्सव साजरा होतो. काही जुन्या जन्मसाख्यांत त्यांचा जन्म वैशाखातला सांगितला असला, तरी उत्सवाची परंपरा कार्तिकीचीच आहे. हे दोन उत्सव एकाच तिथीस यावेत, यात आम्हांला मोठे औचित्य दिसते. तीन पुरे जळून गेली तरी माणसाच्या अंतरात ‘मी’ नावाचे चौथे पूर उभेच असते, आणि नानकदेवांनी आपले सारे आयुष्य त्या चौथ्या पुराशी झुंजण्यात वेचले.

सणावारांच्या दिवसांत आपल्याकडे अन्नदाने होतात, समाराधना होतात. मांडवाच्या दाराशी देणगीदारांच्या नावांची पाटी झळकते. ती पाहून कोणी नाक मुरडले, तर दुसरा चटकन विचारतो की, नावासाठी दिले म्हणून बिघडले काय? भुकेल्याचे पोट तर भरले! आम्हांला हा प्रश्न टाकाऊ वाटत नाही. नावाची हौस आणि पुण्याचा लोभ नसता, तर गावोगावच्या कितीतरी धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधल्याच गेल्या नसत्या. मग अहंकार आणि स्वार्थ यांच्या हातून खरी लोकसेवा घडू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर नानकदेवांच्या चरित्रात जितके स्पष्ट सापडते, तितके क्वचितच अन्यत्र सापडेल.

तलवंडीचा बालक

नानकदेवांचा जन्म 1469 साली लाहोरजवळच्या तलवंडी या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून ननकाना साहिब या नावाने ओळखले जाते. वडील मेहता कालू हे गावचे पटवारी, म्हणजे हिशेबाचे माणूस. माता तृप्ता. वडील बहीण नानकी हिची या भावावर अपार माया. मुलाचे चित्त लहानपणापासून प्रपंचात रमेना, गुरे राखायला धाडले तर तो ध्यानात बुडून जाई, तेव्हा वडिलांनी त्याला व्यापारास लावण्याचे ठरविले. वीस रुपये हाती देऊन नफ्याचा सौदा करून येण्यास सांगितले. वाटेत चूहडकाना येथे उपाशी साधूंचा मेळा भेटला. नानकदेवांनी त्या पैशांतून शिधा आणून त्यांना जेवू घातले आणि रिकाम्या हातांनी ते घरी परतले. पंजाबात या प्रसंगाला ‘सच्चा सौदा’ म्हणतात. वडील संतापले, आणि संसारी माणसाचा तो संताप आपण समजू शकतो. तरीही येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नानकदेवांनी सौद्याचा धिक्कार केला नाही. नफा म्हणजे काय, एवढेच त्यांनी वेगळ्या रीतीने मोजले.

पुढे बहिणीने आणि मेहुणे जयराम यांनी त्यांना सुलतानपूर येथे नेले. तेथील अधिकारी दौलतखान लोदी याच्या धान्यकोठाराची, म्हणजे मोदीखान्याची, जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. बटाल्याच्या सुलखणीदेवींशी त्यांचा विवाह झाला होता. श्रीचंद आणि लखमीदास असे दोन पुत्र त्यांना झाले. हे कोठारातले दिवस आम्हांला फार मोलाचे वाटतात. जन्मसाख्यांतील कथा अशी की, धान्य मापताना एक, दोन करीत ते तेरावर आले की तेथेच थांबत. पंजाबीतही ‘तेरा’ हा आपल्यासारखा आकडा आहे. पण ‘तुझे’ हाही त्याचा अर्थ. हे सारे तुझेच, या भावात ते तल्लीन होत आणि माप पडतच राही. साहजिकच कोठार लुटविल्याची चहाडी झाली. हिशेब तपासण्यात आला. तो चोख निघाला. उलट नानकदेवांचेच काही येणे निघाले, असे कथा सांगते.

या कथेतला हिशेब आपण सोडून देऊ नये. भक्तीच्या भरात त्यांनी दुसऱ्याचे धन उधळले नाही. गोरगरिबांना जे दिले ते स्वतःच्या कमाईतून दिले. हाताने प्रामाणिक कष्ट करणे, मुखाने नाम घेणे आणि कमाई वाटून खाणे या ज्या तीन खांबांवर शीख आचार उभा आहे, त्यांचा पाया या तराजूपाशी घातला गेला. पोटासाठी कमावणे हा स्वार्थ त्यांनी कधीच निषिद्ध मानला नाही. कमावल्यावर ‘माझे’ हा जो शिक्का आपण त्यावर मारतो, तो मात्र त्यांनी पुसला.

दोन ताटे

सुलतानपूरजवळ बेईं नावाची नदी आहे. एके दिवशी पहाटे स्नानास गेलेले नानकदेव तीन दिवस दिसेनासे झाले आणि परतले ते निराळेच होऊन. हिंदू आणि मुसलमान हा भेद ईश्वराच्या दारी नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले, नोकरी सोडली आणि रबाब वाजविणारा मर्दाना हा मुसलमान सोबती घेऊन ते दीर्घ प्रवासास निघाले.

या प्रवासात सैदपूर, म्हणजे पुढचे एमिनाबाद, येथे ते लालो नावाच्या सुताराच्या घरी उतरले. त्याच गावात मलिक भागो हा श्रीमंत अंमलदार होता. त्याने मोठे ब्रह्मभोज मांडले होते. नानकदेव त्या भोजनास न जाता सुताराच्या घरी भाकरी खातात, याचा त्याला राग आला. त्याने त्यांना बोलावून जाब विचारला. कथा अशी की, नानकदेवांनी एका हातात लालोची कोरडी भाकरी आणि दुसऱ्या हातात भागोचे पक्वान्न घेऊन दोन्ही पिळली; भाकरीतून दूध ठिबकले आणि पक्वान्नातून रक्त.

कोणी या कथेतील चमत्कार मानो वा न मानो, तिचा अर्थ टळत नाही. भागोच्या भोजनाने शेकडो पोटे भरली असतील. आमच्या मघाच्या प्रश्नाचे ते समर्थन होते. परंतु नानकदेवांनी वाढलेले ताट पाहून समाधान मानले नाही; ताटातले अन्न कोणाच्या ताटातून ओढून आणले, हे त्यांनी विचारले. अहंकाराने केलेल्या दानाचा दोष नेमका येथे आहे. दात्याची दृष्टी आपल्या नावावर खिळली की ज्याचे नाव कोठेच नाही, त्या कष्टकऱ्याकडे ती वळतच नाही. एका हाताने हजारांचे हिरावून दुसऱ्या हाताने शंभरांस जेवू घालणे, हा अहंकाराला सहज साधणारा व्यवहार आहे, आणि वर तो पुण्याच्या खात्यावर मांडता येतो.

पुढे 1520 च्या सुमारास याच सैदपुरावर बाबराची फौज तुटून पडली. नगर जळाले, माणसे कापली गेली, स्त्रियांची विटंबना झाली. नानकदेवांनी त्या संहारावर केलेल्या रचना ‘बाबरवाणी’ या नावाने ओळखल्या जातात. आक्रमकाचा निषेध करताना त्यांनी मातलेल्या धनिकांसही सोडले नाही. पापावाचून साठत नाही आणि मेल्यावर संगे येत नाही, असे धनाचे रूप त्यांनी तेथे दाखविले आहे.

रोगातच औषध

मग श्रीमंताला तरणोपाय नाही काय? लाहोरच्या दुनीचंदाची कथा याचे उत्तर देते. या सावकाराच्या वाड्यावर ध्वज फडकत; एकेक ध्वज म्हणजे एकेक लाखाची खूण. नानकदेवांनी त्याच्या हाती एक सुई दिली आणि ती परलोकी परत करण्यास सांगितले. सुई संगे नेता येत नाही हे उमगले, तेव्हा लाखांचे काय, हेही त्याला उमगले, आणि त्याने आपले धन गोरगरिबांसाठी खर्च करण्यास आरंभ केला.

या कथेतील मार्मिकता अशी की, नानकदेवांनी सावकाराला सावकाराच्याच भाषेत समजाविले. स्वतःचे हित पाहू नकोस, असे न म्हणता त्यांनी ते हित पुरते पाहावयास लावले. शीख परंपरेत मीपणाला ‘हउमै’ म्हणतात. हा शब्द म्हणजे जणू दोनदा उच्चारलेला ‘मी’. माणूस येतो-जातो, मिळवितो-गमावितो, इतकेच काय, देतो-घेतो तेही या हउमैच्या भरात, असे नानकदेवांचे निदान आहे. दानही त्यातून सुटत नाही! परंतु त्यांचे उत्तराधिकारी गुरू अंगददेव यांनी या जुनाट रोगाला असाध्य ठरविले नाही. त्याचे औषधही त्याच्याच पोटी असल्याचे त्यांनी सांगितले. आम्हांला त्याचा अर्थ असा वाटतो की, स्वार्थ ही सेवेची पहिली पायरी होऊ शकते. पुण्याच्या आशेने का होईना, मूठ उघडू द्यावी. मात्र त्या पायरीवर जो घर बांधून बसला, तो दुनीचंद न होता भागो होतो.

कर्तारपूरची पंगत

दूरदूरचे प्रवास आटोपल्यावर नानकदेव रावी नदीच्या काठी कर्तारपूर येथे स्थायिक झाले. प्रवासातील वैराग्याचा वेष त्यांनी उतरविला आणि गृहस्थाचा पोशाख केला. आयुष्याची अखेरची सुमारे दीड तपे त्यांनी तेथे शेती केली. जगभर कीर्ती झालेला हा महापुरुष पहाटे नामस्मरण करी आणि दिवसा शेतात राबे. जे पिके ते सर्वांच्या रसोईत जाई. त्या लंगरात राव आणि रंक, ब्राह्मण आणि अंत्यज, हिंदू आणि मुसलमान एकाच पंगतीस बसत.

पंगत हा शब्द आपल्याला परका नाही. परंतु त्या पंगतीत वाढणारा उंच आणि जेवणारा खाली, असा भेद उरू दिलेला नव्हता. आज ज्याने वाढले तो उद्या त्याच ओळीत जमिनीवर बसे. ज्याने धान्य दिले तोही भांडी घाशी. मीपणा जावा म्हणून नुसता उपदेश न करता त्यांनी त्याला राहावयास जागाच ठेवली नाही. पुढील काळी अंगददेवांच्या पत्नी माता खीवी यांनी हे लंगर मायेने सांभाळले. त्यांच्या हातच्या तुपातल्या खिरीचा उल्लेख ग्रंथसाहिबात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी तर आधी पंगत आणि मग गुरूंची भेट, असा दंडकच घातला, आणि परंपरा सांगते की बादशहा अकबरासही तो चुकला नाही.

शेवटची कसोटी नानकदेवांच्या स्वतःच्या घरात लागली. गादी कोणास द्यावयाची? पुत्र होते, थोरले श्रीचंद तर विरक्त आणि तपस्वी, उदासी पंथाचे प्रवर्तक. परंतु नानकदेवांची दृष्टी लहणा नावाच्या शिष्यावर स्थिरावली. हे लहणा मूळचे देवीचे उपासक. यात्रेकरूंचा जथा घेऊन ते ज्वालामुखीच्या दर्शनास जात असत. वाटेत नानकदेव भेटले आणि ते तेथेच राहिले. एकदा शेतातील ओल्या गवताचा भारा घरी न्यावयाचा होता. मुलांनी तो उचलला नाही. नवी वस्त्रे ल्यालेल्या लहणांनी तो मुकाट्याने डोईवर घेतला, आणि चिखलाचे ओघळ त्यांच्या अंगावर उतरले. सुलखणीदेवींना वाईट वाटले. नानकदेवांना मात्र तो चिखल केशरासारखा भासला, असे कथा सांगते. 1539 साली त्यांनी लहणांना आपल्याच अंगाचा भाग मानून ‘अंगद’ हे नाव दिले, स्वतः शिष्यासमोर मस्तक नमविले आणि त्याच वर्षी देह ठेवला.

धनाचा लोभ सोडणारे पुष्कळ असतात. कीर्तीचा लोभ सोडणारे थोडे. परंतु आपले कार्य आपल्याच रक्ताकडे राहावे, हा सर्वांत सूक्ष्म स्वार्थ सोडणारे फारच विरळा. नानकदेवांनी तो सोडला, म्हणूनच त्यांचे कार्य एका कुळाची मिरास न होता साऱ्या मानवांचे झाले.

महाराष्ट्राला हा वारसा दूरचा नाही. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे आदराने विराजमान झाली आहेत, आणि 1708 साली दहावे गुरू गोविंदसिंग यांनी आपल्या नांदेडला, गोदावरीच्या तीरी, देह ठेवला. तेथे आजही कोणीही जावे आणि पंगतीत बसावे. जात, धर्म वा नाव विचारले जात नाही.

तेव्हा मघाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. अहंकार पोट भरू शकतो, पण तो भुकेल्याला भुकेलाच ठेवू पाहतो, कारण मागणारा उरला नाही तर देणाऱ्याचे मोठेपण उरत नाही. स्वार्थ माणसाला सेवेच्या दारापर्यंत आणून सोडतो; आत शिरावयाचे तर जोडे आणि नाव दोन्ही बाहेर ठेवावी लागतात. आपल्या घरी वा आळीत या दिवसांत अन्नदान होईल, तेव्हा आपण एवढेच करून पाहावे. वाढून झाल्यावर यजमानाने शेवटच्या पंगतीत, ज्यांना वाढले त्यांच्याच ओळीत बसावे, आणि उठताना पत्रावळी आपल्या हातांनी उचलाव्यात. आज संध्याकाळी देवापुढे त्रिपूर लावताना एक वात त्या चौथ्या पुरासाठीही लावावी.