प्रवाशाचें ओझें हलकें करणारा : जॉर्ज ईस्टमन

सहलीस किंवा सुटींत गांवीं निघतांना घरांत जी बांधाबांध चालते, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. हें घ्यावें कीं तें घ्यावें असा विचार करितां करितां वळकटी फुगते, पेटीचें झांकण लागेनासें होतें, आणि अखेर वडील माणसें निम्में सामान बाहेर काढावयास लावतात. अशाच एका प्रवासाच्या तयारींतून एका तरुण कारकुनाच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. त्यानें आपल्यापुढील ओझें पाहिलें, आणि तें हलकें कसें करावें याचा ध्यास घेतला. आज लहानथोर सर्वजण कॅमेरा सहज बरोबर नेतात, याचें पुष्कळसें श्रेय त्याच्याकडे जातें. त्याचें नांव जॉर्ज ईस्टमन.

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत वॉटरव्हिल या लहानशा गांवीं झाला. त्याचे वडील रॉचेस्टर शहरीं व्यापारी शिक्षणाची एक शाळा चालवीत असत. जॉर्जला आठवें वर्षही पुरें झालें नव्हतें, तोंच ते वारले, आणि घरांत दारिद्र्य शिरलें. आई मोठी धीराची. घरांत भाडेकरू ठेवून, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहून, तिनें तीन मुलांचें पोषण केलें. जॉर्जच्या दोन बहिणींपैकीं एक पांगळी होती. तीही १८७० सालीं देवाघरीं गेली. आईचे ते कष्ट जॉर्ज कधींही विसरला नाहीं. चौदा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्यानें शाळा सोडली, आणि आठवड्यास ३ डॉलर पगारावर एका विमा कचेरींत निरोप्याचें काम पत्करलें. मिळालेल्या व खर्चिलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब तो वहींत टिपून ठेवी. पुढें १८७४ सालीं रॉचेस्टर येथील एका बचत बँकेंत त्यास कारकुनी मिळाली, आणि घरास जरा बरे दिवस आले.

१८७७ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, रजा घेऊन सांतो दोमिंगो या दूरच्या बेटावर जाण्याचा त्याचा बेत ठरला. प्रवासाचीं छायाचित्रें काढून आणावीं, असें एका सहकाऱ्यानें सुचविलें. जॉर्जला ती कल्पना पसंत पडली, आणि त्यानें छायाचित्रणाचें सर्व साहित्य विकत घेतलें. मग तें पुढ्यांत मांडून तो पाहूं लागला. साबणाच्या खोक्याएवढा कॅमेरा. तो पेलण्याजोगी भक्कम तिपाई. एक काळोखी तंबू. औषधांच्या बाटल्या, कांचेचीं पात्रें, जड कांचा, आणि पाण्याचें भांडें! एवढा संभार एका माणसानें न्यावयाचा, तो केवळ आठवण म्हणून कांहीं चित्रें आणण्याकरितां.

त्या काळीं छायाचित्रणाची रीतच तशी होती. कांचेवर एक चिकट द्रव ओतावयाचा, अंधारांत ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीं पुन्हां तंबूंत जाऊन औषधांनीं चित्र उठवावयाचें. कांच वाळली कीं सारा खटाटोप फुकट. म्हणजे चित्रकारास आपली अंधारी खोलीच पाठीवर घेऊन हिंडावें लागे. आपल्या देशांतील उदाहरण पाहावयाचें तर सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराचें आहे. याच रीतीनें चित्रें काढीत तो १८६० नंतरच्या दशकांत हिमालयांत हिंडला, तेव्हां एका सफरींत त्याचें सामान वाहण्यास ४२ हमाल लागले होते.

जॉर्जचा तो प्रवास कांहीं घडला नाहीं. परंतु ओझ्याचा विचार त्याच्या मनांतून जाईना. त्यानें ५ डॉलर देऊन ही कला शिकून घेतली, आणि शिकतां शिकतां तिचा जडपणा कसा घालवावा याचा शोध आरंभिला. इंग्लंडांतील कांहीं जण चांदीचा क्षार जिलेटिनांत कालवून कांचेवर लावतात आणि ती कांच कोरडी झाल्यावरही कामास येते, असें त्याच्या वाचनांत आलें. झालें! दिवसभर बँकेंत आंकडेमोड करावी, आणि रात्रीं आईच्या स्वयंपाकघरांत भांडीं मांडून प्रयोग करावे, असा क्रम सुरू झाला. पुष्कळ रात्रीं तो अंगावरच्या कपड्यांनिशीं चुलीपाशींच जमिनीवर निजे. अखेर उत्तम कोरड्या कांचा साधल्या. इतकेंच नव्हे, तर त्यांवर लेप सारखा बसविणारें यंत्रही त्यानें सिद्ध केलें, आणि त्याचा हक्क प्रथम १८७९ सालीं इंग्लंडांत नोंदविला. १८८१ सालच्या आरंभीं हेन्री स्ट्रॉंग या गृहस्थाच्या भागीदारींत कारखाना उभा राहिला, आणि त्याच वर्षीं जॉर्जनें बँकेची नोकरी सोडली.

येथून पुढें ईस्टमन यांचा उत्कर्ष झाला खरा. परंतु त्यापूर्वीं त्यांची कसोटी लागली. १८८२ सालीं त्यांच्या कांचा बिघडूं लागल्या. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, कारखाना बंद ठेवावा लागला, आणि दोष कोठें आहे तें कळेना. कारखाना नवा, भांडवल तुटपुंजें. त्या वेळीं कानांवर हात ठेवणें सोपें होतें. तथापि ईस्टमन यांनीं सदोष माल परत घेऊन तो बदलून देण्याचें ठरविलें. बहुतेक सर्व शिल्लक त्यांत गेली, पण पत राहिली. जिलेटिनांतच दोष होता, असें शोधाअंतीं आढळून आलें, आणि त्यानंतर कच्चा माल पारखून घेण्याची शिस्त त्यांनीं कायमची बसविली.

पण कांच कोरडी झाली तरी ती कांचच. जड आणि फुटणारी. म्हणून ईस्टमन यांनीं कांचेच्या ऐवजीं कागदाची लांब पट्टी घेऊन ती गुंडाळण्याची युक्ति काढली. मग १८८८ सालीं कोडॅक नांवाचा कॅमेरा बाजारांत आला. या नांवास कोणत्याही भाषेंत अर्थ नाहीं. तें लहान असावें, उच्चारास सोपें असावें, एवढीच दृष्टि होती. इंग्रजींतील के हें अक्षर त्यांचें आवडतें होतें, आणि आईच्या माहेरच्या किलबर्न या नांवाचें आद्याक्षरही तेंच. कॅमेरा म्हणजे दोन्ही हातांत सहज मावणारी एक साधी पेटी. दोरी ओढावयाची, कळ दाबावयाची आणि किल्ली फिरवावयाची, कीं पुढच्या चित्राची तयारी झाली. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची पट्टी भरलेलीच असे. ती संपली कीं पेटी तशीच रॉचेस्टरला पाठवावयाची. १० डॉलर घेऊन कारखानदार चित्रें तयार करीत, नवी पट्टी भरीत, आणि सर्व परत धाडीत. औषधें नकोत, तंबू नको, तिपाई नको.

आतां या पेटींत काय नव्हतें, तेंही पाहण्यासारखें आहे. भिंग पुढें-मागें सरकवितां येत नसे. चित्रांत काय येईल तें पाहण्यास खिडकी नव्हती. वरच्या बाजूस दोन रेघा काढलेल्या असत, त्यांवरून अंदाज बांधावयाचा. चित्रें वाटोळीं आणि जेमतेम अडीच इंच व्यासाचीं. लख्ख उजेड नसेल तर तीं नीट येत नसत. जुन्या, मोठ्या कॅमेऱ्याचें चित्र याहून कितीतरी सरस होतें, हें ईस्टमन यांस ठाऊक होतें. परंतु त्यांनीं निराळाच प्रश्न विचारला : सर्वांत उत्तम यंत्र कोणतें, हा नव्हे, तर मनुष्य कोणतें यंत्र खरोखर बरोबर नेईल, हा. घरीं राहिलेला उत्तम कॅमेरा प्रवासांतलें एकही चित्र देत नाहीं.

१८८९ सालीं कागद जाऊन पारदर्शक फिल्म आली, आणि तिच्यामुळें पुढें एडिसन यांस हालत्या चित्रांचा मार्ग सुकर झाला. येथें मात्र एक गोष्ट चरित्रकारानें झांकूं नये. न्यूअर्क येथील हॅनिबल गुडविन नांवाच्या एका पाद्रीसाहेबांनीं, बायबलाचे धडे चित्रांनीं शिकवितां यावे म्हणून, अशीच फिल्म आधीं शोधून काढली होती, आणि १८८७ सालीं हक्कासाठीं अर्जही केला होता. त्यांस हक्क मिळण्यास ११ वर्षें लागलीं, आणि १९०० सालीं ते निवर्तले. खटला पुढें चालू राहिला. अखेर १९१४ सालीं न्यायालयाचा निकाल ईस्टमन यांच्या कंपनीविरुद्ध गेला, आणि कंपनीस ५० लक्ष डॉलर भरावे लागले. थोर माणसांच्या चरित्रांतही अशीं पानें असतात. तीं गाळून वाचणें बरें नव्हे.

१९०० सालीं ब्राउनी नांवाचा कॅमेरा अवघ्या १ डॉलरला मिळूं लागला. तो मुख्यतः मुलांसाठीं होता, आणि पहिल्याच वर्षीं लाखाहून अधिक खपला. आतां छायाचित्र ही श्रीमंतांची चैन राहिली नाहीं. साध्या कुटुंबांतही आजीचा चेहरा, धाकट्या भावाचें पहिलें पाऊल, एखादी आनंदाची सहल कागदावर जपून ठेवतां येऊं लागली.

ईस्टमन यांस अपार संपत्ति मिळाली. त्यांनीं विवाह केला नाहीं. आईस सुखांत ठेवावें हाच त्यांचा संसार. ती १९०७ सालीं वारली. पुढें त्यांनीं धन वांटण्यास आरंभ केला. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयास १९१२ सालीं २५ लक्ष डॉलर मिळाले; दात्यानें आपलें नांव स्मिथ असें सांगितलें होतें. हे स्मिथ म्हणजे ईस्टमन, हें जगास १९२० सालीं कळलें. आपल्या मालकीच्या भागांपैकीं मोठा हिस्सा त्यांनीं १९१९ सालीं कामगारांस दिला. गरीब मुलांच्या दांतांसाठीं रॉचेस्टरमध्यें, आणि पुढें लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स व स्टॉकहोम येथें दवाखाने उघडण्यास पैसा दिला. संगीतशाळा काढली. निग्रो मुलांस शिक्षण देणाऱ्या हॅम्प्टन व टस्कीगी येथील संस्थांसही मोठ्या देणग्या दिल्या. शालेय शिक्षण अर्धवट सोडावें लागलेल्या मुलानें इतक्या शाळांचीं दारें इतरांसाठीं उघडावीं, यांतील गोडी विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

ज्या तरुणाचा पहिला प्रवास ओझ्यापायीं मनांत घोळत राहिला, तो वृद्धपणीं खूप हिंडला. १९२६ सालीं, ७२ व्या वर्षीं, ते आफ्रिकेंतील जंगलांत गेले, आणि वन्य पशूंचीं चित्रें त्यांनीं आपल्याच कॅमेऱ्यानें टिपलीं. परंतु लवकरच पाठीच्या कण्यास विकार जडला. चालणें कठीण झालें, वेदना वाढल्या, मन खिन्न झालें; आणि १४ मार्च १९३२ रोजीं त्यांनीं स्वतःच आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. हें लिहितांना लेखणी अडखळते. पण चरित्र सांगावयाचें तर खरें सांगावें. ज्यानें लक्षावधि लोकांच्या पाठीवरचें ओझें उतरविलें, त्यास आपल्या दुःखाचें ओझें एकट्यानें वाहवेना. मनावरचा भार जड होऊं लागला तर तो आईबापांजवळ, गुरुजनांजवळ, मित्रांजवळ बोलून दाखवावा. असा भार वांटल्यानेंच हलका होतो. आणि ज्यांच्याजवळ तो बोलला जाईल, त्यांनीं तो मायेनें ऐकावा.

ईस्टमन यांच्या पश्चात् कालचक्र फिरलें. फिल्मशिवाय चालणारा पहिला अंकीय कॅमेरा १९७५ सालीं त्यांच्याच कंपनींतील एका अभियंत्यानें बनविला. परंतु त्या नव्या मार्गानें कंपनी वेळीं वळली नाहीं, आणि २०१२ सालीं तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. ईस्टमन यांची दृष्टि मात्र जुनी झालेली नाहीं. आज एकाच भिंगानें जवळचें देऊळही टिपावें आणि दूरच्या शिखरावरचा पक्षीही जवळ ओढावा, असे लहान कॅमेरे मिळतात. प्रवासास निघणाऱ्यानें ते निवडतांना ईस्टमन यांच्याच कसोट्या लावाव्या. तो खांद्यास जड होणार नाहीं ना? क्षणार्धांत हातीं येईल ना? त्यासाठीं जें सोडावें लागतें, उदाहरणार्थ अंधुक उजेडांतला स्वच्छपणा, तें सोडण्याची माझी तयारी आहे ना? या प्रश्नांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, तर दुकानदारास फारसें विचारावें लागणार नाहीं.

मुलांनो, पुढच्या सहलीची पेटी भरतांना त्या तेवीस वर्षांच्या कारकुनाची आठवण करा. अडचणीस कंटाळून तो स्वस्थ बसला नाहीं. ती अडचण सर्वांचीच आहे हें त्यानें ओळखलें, आणि आईच्या स्वयंपाकघरांत, दिवसाचें काम संपल्यावर, तिच्यावर उपाय शोधीत राहिला. आपल्यापुढेंही असें एखादें ओझें असेलच. तें आधीं नीट पाहावें, आणि मग कामास लागावें.